सरांचा कोर्स मी सुधारला

ज्या कॉलेजात मी बी.ए. झालो, तिथेच आज प्राध्यापक आहे. विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणाला आठ दिवस बसून आलो, तर प्राचार्यांनी गळ्यात आणखी एक काम घातलं. प्रत्येक प्राध्यापकाने आपला कोर्स आपणच तपासायचा आणि मी त्यांना मदत करायची. प्रश्न साधे होते. वर्षाअखेर मुलांना काय करता आलं पाहिजे? ते आलं की नाही, हे तुम्हाला कसं कळतं? काय बदलाल? बहुतेकांनी एकमेकांचं बघून उतरवलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना पकडायला हेच लोक जातात.

एकच माणूस स्वतःहून आला, मला अर्थशास्त्र शिकवलेले सर. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मले खरं सांग बरं. पोरं माह्या तासाले मान खाली घालून मोबाईल पाहून राह्यले. पह्यले असं नव्हतं. काय चुकून राह्यलं माह्यं? जाता जाता एक वर्ष तरी पोरायनं ऐकावं, एवढंच वाटते."

सोबत त्यांनी हाताने लिहिलेलं दोन पानी टिपण आणलं होतं. मुलांना दिग्रसच्या कापूस बाजारात न्यायचं, सकाळचा आणि दुपारचा भाव लिहून घ्यायचा, तो का बदलला हे व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला विचारायचं, आणि मगच वर्गात मागणी-पुरवठा शिकवायचा. वाचून मी चकित झालो. आमच्या प्रशिक्षणात इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. सरांना मात्र मी ते सांगितलं नाही. "ठेवून जा सर, पाहतो," एवढंच म्हणालो.

कारण माझ्या डोक्यात लाडू होता. एखादी वस्तू जास्त मिळाली की तिची गोडी कमी होते, हा नियम शिकवताना सर दरवर्षी एकच उदाहरण देत. "केळापूरच्या पोट्ट्याले लग्नाच्या पंगतीत बसवा. पह्यला लाडू गोड, पाचवा बरा, दहावा नको. अन् हा गडी अकरावा मांगते!" वर्गात केळापूरचा मी एकटाच. पोरं बाकं बडवून हसली. पुढची तीन वर्षं मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही, मी 'अकरावा' होतो. मुलीसुद्धा तेच म्हणायच्या. सरांना याचा पत्ताही नव्हता, आणि मला जास्त राग त्याचाच होता.

बी.ए.ची वही मी जपून ठेवली होती. यंदाच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीची वही मागून घेतली. शनिवारच्या बैठकीत, सगळ्या स्टाफसमोर, कोर्स कसा तपासावा याचं प्रात्यक्षिक म्हणून दोन्ही उघडल्या. एक ओळ माझ्या वहीतली, एक तिच्या. व्याख्या तीच, क्रम तोच, आकृतीतले आकडेही तेच. शेवटी लाडू आला, तो मी सरांचा आवाज काढून वाचला. सगळे खो-खो हसले. सरही हसले, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. मग "बरोबर आहे तुह्यं," म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत बसले. दिग्रसचं टिपण माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मला फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर सर मला 'तू' म्हणेनासे झाले. मी दिलेल्या तक्त्यात कोर्स भरून आणायचे आणि उभ्यानेच विचारायचे, "साहेब, हे असं चालते का?" मी लाल पेनाने खुणा करायचो. एकदा तर निव्वळ छळ म्हणून अख्खा तक्ता पुन्हा लिहायला लावला. त्यांनी लिहून आणला. दिग्रसचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मीही नाही.

डिसेंबरात त्यांच्या तासाला जाऊन बसलो. तोही माझ्या कामाचाच भाग. मी शेवटच्या बाकावर होतो. ज्या माणसाने वर्गात कधी हातात कागद धरला नव्हता, तो कागदात बघून एकेक वाक्य बोलत होता. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की पुढे. पोरांनी मोबाईल खाली ठेवले होते, पण ऐकत कुणीच नव्हतं. सगळी सरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. एका ठिकाणी मान हलवायची माझी राहून गेली. सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि भरल्या वर्गात विचारलं, "साहेब, पुढं जाऊ?"

मला लाज वाटली. उठून त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं. पण मी थोडा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं, आणि मग म्हणालो, "जा."