लेंग्थ की हाइट

शिंपीकाकांनी आईच्या खांद्यावरून टेप सोडली आणि म्हणाले, "ब्लाउजची हाइट साडेतेरा." माझ्या लेकीनं लगेच टोकलं, "काका, हाइट माणसाची असते. कपड्याची लेंग्थ!"

काका हसले. "बाळा, आमच्या वहीत सगळी उंचीच."

मला हा आपला शब्द फार आवडतो. डोंगराला उंची असते, माणसाला असते आणि कपाटात जपलेली भारी साडीही उंचीच.

काकांनी वहीत आईचं जुनं माप पाहिलं. चौदा. आई वाकत चाललीय, हे त्यांना आणि मला एकदमच कळलं.

"कमी भरलं का हो?" आईनं विचारलं.

"छे वहिनी, यंदा लेंग्थच जरा कमी ठेवायची फॅशन आहे."

"बघ, काका शिकले!" लेक खुशीत म्हणाली.

आईची हाइट मात्र काकांनी जराही कमी होऊ दिली नव्हती.