दिवाळीनंतरचं फर्स्ट इयर

एकाच स्टाफरूममध्ये बरीच वर्षं चहा प्यायला की किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. चारजण बसले की एक निघतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. आमच्याकडचे बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ओळीनं सांगतो.

हिंगोली जिल्ह्यात, सेनगावच्या बाजूला आमचं छोटं सायन्स कॉलेज आहे. मी फिजिक्स शिकवतो. केमिस्ट्रीला जोशी सर, आमच्यात सगळ्यात सीनियर. ॲडमिशन झाल्या झाल्या बी.एस्सी. फर्स्ट इयरचा वर्ग असा भरतो, की पोरं खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. दिवाळीनंतर मागचे बाक रिकामे. संक्रांतीनंतर मधलेही! वर्षानुवर्षं हेच चाललेलं, कोणाला त्याचं नवल नव्हतं.

मग राठोड मॅडम प्राचार्य होऊन आल्या. याच जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावर वाढलेल्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "पोरं जातात कुठं?"

जोशी सर म्हणाले, "मॅडम, सायन्स सगळ्यांना झेपत नाही. ही चाळणी आहे. थोडे खाली पडणारच."

"सर, घरी कधी पीठ चाळलंय?"

"नाही."

"पीठ खालीच पडतं! वर राहतो तो कोंडा."

मीटिंग तिथंच संपली.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फर्मान काढलं. गळालेल्या पोरांना पत्र पाठवायचं नाही, फोन करायचा नाही. प्रत्यक्ष जाऊन भेटायचं.

जोशी सर आणि मी जीपनं गोरेगावला गेलो. तिथं संतोष नावाचं आमचं पोरगं कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवत होतं. आम्हाला बघून ते उठून उभं राहिलं. बराच वेळ हातातलं कापड नुसतं सारखं करत राहिलं.

सरांनी विचारलं, "काहून सोडलं रे कॉलेज?"

"सर, मला कावीळ झालती. बरा झाल्यावर आलतो की मी वर्गात! आठवडाभर मागं बसलो. मी गेलतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं." मग खाली बघून म्हणाला, "मंग म्हटलं, आता न्हाई आलो तरी कोणाला काय कळणार हाय?"

निघताना जोशी सर त्याला म्हणाले, "सोमवारी ये." संतोष पुढच्या सोमवारी वर्गात आला. सरांनी त्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली आणि पहिल्या बाकावर बसवलं. बिचाऱ्याला तिथं लपायलाही जागा उरली नाही!

*

आमची प्रॅक्टिकल्स पहिल्यापासून दुपारनंतर असायची. साखरा गावाच्या पोरी अर्ध्यातूनच निघून जायच्या. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावानं "इंटरेस्टच नाही" असं ठरून गेलं होतं. मॅडमनी त्या पोरींना विचारलं, तेव्हा कळलं की त्यांची शेवटची जीप प्रॅक्टिकल संपायच्या आधीच सुटते.

मॅडमनी प्रॅक्टिकल्स सकाळी घेतली आणि लेक्चर्स जीप सुटायच्या आत संपतील अशी दुपारी टाकली. त्यावर केवढा गोंधळ झाला! सकाळच्या लेक्चरची सवय लागलेले आम्ही सगळे बिथरलो.

जोशी सर तावातावानं म्हणाले, "मॅडम, कॉलेजचं टाइमटेबल आता जीपच्या ड्रायव्हरनं ठरवायचं का?"

"सर, आजपर्यंत त्यानंच ठरवलंय. आपल्याला फक्त ठाऊक नव्हतं!"

*

पुढचा दणका थेट जोशी सरांनाच बसला. आमच्याकडे सीनियर माणूस थर्ड इयरला शिकवणार आणि नवा, तासिकेवरचा माणूस फर्स्ट इयरला, अशी रीत होती. मॅडमनी ती उलटी केली. फर्स्ट इयर सीनियरनंच घ्यायचं!

सर पहिल्या दिवशी फर्स्ट इयरवर गेले. मराठी मीडियमची पोरं. सरांनी तासभर इंग्रजीत अणू शिकवला, फळा तीनदा भरला आणि पुसला. शेवटी विचारलं, "कळलं?"

"हो सर!" वर्ग एका सुरात म्हणाला.

सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या मनीषाला उभं केलं. साखऱ्याची पोरगी. "सांग, काय कळलं?"

मनीषानं फळ्याकडं बघितलं. टवाळी नव्हती हो तिच्या बोलण्यात, अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुमी लई हुशार हायेत, एवढं कळलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. स्टाफरूममध्ये आल्यावर त्यांनीच हे मला सांगितलं. म्हणाले, "राग यायला पाहिजे होता. आला नाही. भीती वाटली. इतकी वर्षं सगळे 'हो सर'च म्हणत आलेत ना!"

त्यानंतर सरांनी पद्धतच बदलली. थोडं शिकवायचे आणि थांबायचे. पोरांनी शेजारच्याला आपल्या बोलीत समजावून सांगायचं, मगच पुढं जायचं. वर्गात एवढा कलकलाट व्हायचा, की शेजारच्या वर्गातले मॅथ्सवाले तक्रार घेऊन आले. सर म्हणाले, "पोरं केमिस्ट्रीवर भांडताहेत. तुमच्याकडं कशावर भांडतात?"

*

सगळंच काही जमलं नाही, तेही सांगायला हवं.

सेकंड इयरला मनीषा यायची बंद झाली. आम्ही दोघं साखऱ्याला गेलो. तिच्या वडिलांनी बाज टाकली, चहा दिला, अदबीनं बोलले. "सर, तुमी टाइम बराबर केला, म्हणून एवढं तरी शिकली. पर आता सोयरीक झाली. तिकडले न्हाई म्हणून राहिले शिक्षणाला."

जोशी सर बरंच बोलले. विनवण्याही केल्या त्यांनी. सरांना कोणापुढं विनवणी करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वडील मान हलवत राहिले.

मनीषा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "सर, माझं नाव काढू नका हजेरीतून. पुकारत जा."

सर सेकंड इयरच्या आपल्या तासाला वर्ष संपेपर्यंत ते नाव पुकारत राहिले. आणि वर्गातल्या एकाही पोरानं कधी "ॲबसेंट" म्हटलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा आम्ही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

तांड्यावरची बरीच पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा प्रॅक्टिकल्स संपलेली असतात, म्हणजे वर्षच बुडालं. मॅडम स्वतः विद्यापीठात खेटे घालून आल्या आणि परवानगी आणली. ऊसतोडीहून आलेल्यांची राहिलेली प्रॅक्टिकल्स उन्हाळ्याच्या तोंडाशी वेगळी घ्यायची. नाव पडलं 'परतीचा वर्ग'. घेणार कोण? जोशी सर म्हणाले, "मी!"

पहिल्या दिवशी सर ॲप्रन घालून तयार. पण लॅबमध्ये कोणीच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. कोणी येणार नाही, हे आम्ही समजून चुकलो.

तेवढ्यात गेटमध्ये ट्रक शिरला! थेट कारखान्याच्या फडावरून आलेला. वर ऊसतोड कामगारांची सगळी टोळी, गाठोडी, भांडी, खाटा, एक शेळी. ट्रकमधून अनिल नावाचं पोरगं दप्तर घेऊन उतरलं. मागून त्याचा बाप उतरला, अंगावर अजून उसाची धूळ. त्यानं सरांना विचारलं, "लेकराला उशीर तर न्हाई झाला ना सर?"

"न्हाई," सर म्हणाले. "आत्ताच सुरू करतोय."

"मंग आमी थांबतो. तांड्यावर काय, जाताच येतंय."

आणि अख्खी टोळी लॅबच्या खिडक्यांशी उभी राहिली. मॅडम आणि मीही तिथंच जाऊन उभे राहिलो.

टायट्रेशन होतं. वर उभ्या काचेच्या नळीतून एकेक थेंब खालच्या काचेच्या चंबूतल्या पाण्यासारख्या द्रावणात सोडायचा. अनिलचे हात उसाच्या पात्यांनी कापलेले. तो थेंब सोडत होता, चंबू हलवत होता. काहीच होत नव्हतं. बायका कंटाळल्या, शेळी ओरडायला लागली. अनिल थेंब सोडतच होता.

आणि एका थेंबासरशी सगळं गुलाबी झालं!

खिडकीतून अनिलची याडी, म्हणजे आई, बंजारा बोलीत काहीतरी मोठ्यानं बोलली. अनिलनं चंबूवरची नजर न काढता उत्तर दिलं.

मला आणि जोशी सरांना ती बोली येत नाही. सरांनी मॅडमकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "आई विचारतेय, एवढा वेळ काहीच झालं नाही, आणि एका थेंबानं झालं होय रे?"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, एकानं नाही, याडी. आधीचे सगळे लागतात."