घाण वेचायला बसलेले मामा

“पोरांचा गोंगाट हेच गाडीचं खरं इंजिन. ते बंद पडलं की खाली उतरून बघावं.”

हे वाक्य मामा येताजाता ऐकवायचे. कुणी विचारलं, एवढ्या कलकलाटात गाडी चालवता तरी कशी, की हे वाक्य तयार. न विचारताही तयार. मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, “मरताना पाणी मागतील की हेच बोलतील, देव जाणे.”

मामा तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. पोरांना शाळेत नेणारी गाडी चालवायचे म्हणून आधी पोरांचे मामा झाले, मग पोरांच्या आयांचे आणि शेवटी त्यांच्या आजोबांचेही. काठी टेकत दारात आलेला म्हातारासुद्धा “मामा, नातवाला सांभाळून न्या” म्हणायचा आणि त्यात कुणाला हसू येत नसे. खरं नाव त्यांना होतं, पण ते फक्त लायसन्सवर होतं.

गाडी जुनी होती, पण आतून घासलेल्या पातेल्यासारखी लखलखीत. आसनांच्या कडांना मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे शिवून घेतले होते, ब्रेक लागला आणि डोकं आपटलं तरी टेंगूळ येऊ नये म्हणून. मागच्या दाराला एक कडी बसवली होती, आतून न उघडणारी. चालत्या गाडीत पोराने दार उघडलं तर काय होतं, ते त्यांनी तरुणपणी एका दुसऱ्या गाडीच्या मागे पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. फक्त रोज सकाळी ती कडी दोनदा ओढून बघत.

पोरांची नावंही त्यांनीच ठेवलेली. लोखंडाच्या दुकानदाराचा मुलगा म्हणजे वकील, कारण तो उजाडल्यापासून वाद घालायचा.

“मामा, लाल दिव्याला थांबायचं असतं. तुम्ही पिवळ्यालाच का थांबता?”

“वकीलसाहेब, पिवळा हा लालचा धाकटा भाऊ. धाकट्याला दुखावलं की थोरला मागोमाग येतो.”

आणि सगळ्यांत लहान ती चिमणी. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची ती एकुलती एक मुलगी. बाप नव्हता. सात वर्षांची ही पोर पुढे मामांच्या शेजारी बसायची आणि घर येईपर्यंत तिची टकळी थांबायची नाही. कुणाचा दात पडला, कुणाची वही हरवली, बाईंनी आज कोणती साडी नेसली होती, सगळं. मामा गिअर बदलताना हुंकार द्यायचे. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. पण ते दुःख त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही, आणि दिवसातून दोन वेळा गाडी भरली की ते त्यांना स्वतःलाही दिसत नसावं.

एकदा घरी परतताना उतारावर गाडीतला आवाज एकदम थांबला. विहिरीत बादली पडावी आणि दोर सैल व्हावा, तसा. मामांनी आरशात पाहिलं. सगळी डोकी एका जागी जमली होती. चिमणीही त्या दिवशी हट्टाने मागे जाऊन बसली होती. मामांनी गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं. वकिलाने मोबाइल दप्तराखाली सरकवला. त्याचे कान लाल झाले होते.

“काय बघत होता रे?”

सगळी वकिलाकडे बघायला लागली. मग चिमणी म्हणाली, “मामा, त्यात एक बाई रडत होती. खूप जण होते, पण कुणी तिला सोडवतच नव्हतं.”

मामांनी मोबाइल मागून घेतला. त्यांनी जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. वकील रडकुंडीला येऊन सांगत होता, “मी शोधलं नव्हतं, मामा. आईशप्पथ. मांजराचे व्हिडिओ बघत होतो. खाली सरकवलं की आपोआप आलं.” आणि ते खरं होतं. नाचणारी मांजरं, पडणारी माकडं, गाणी, आणि त्यांच्या मधोमध ते. तांदळात खडा यावा तसं नाही, तांदळात साप यावा तसं.

त्या दिवसापासून मामांच्या डोक्याला भुंगा लागला.

आधी ते लोखंडाच्या दुकानात गेले. दुकानदार खिळे तोलत होता. ऐकून घेऊन हसला.

“अहो मामा, पोरगं वयात येतंय. तुम्ही काय त्या वयात पोथी वाचत होता?”

“मी काय वाचत होतो ते सोडा. सात वर्षांच्या पोरीने बघितलं ते.”

“मग तिच्या आईला सांगा. माझ्या दुकानात कशाला आरडाओरडा?”

मग ते शाळेत गेले. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विषय निघताच दार लोटून घेतलं. “मामा, शाळेच्या फाटकाच्या आत मोबाइल चालत नाही. फाटकाबाहेरचं आम्ही काय करणार?” मामा म्हणाले, “फाटकाबाहेर मी करतो. पण मोबाइलच्या आतलं कोण करणार?” बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मग मामांनी सह्या गोळा करून मागणी करायचं ठरवलं, की व्हिडिओ दाखवणाऱ्या असल्या कंपन्यांना सरकारने दम द्यावा, लहान पोरं जिथे येतात तिथे ही घाण येऊ देऊ नये. मजकूर लिहिताना पंचाईत झाली ती शब्दाची. त्या गोष्टीला काय म्हणायचं? मामा ‘ती घाण’ म्हणायचे. दारोदार फिरताना घाण म्हटलं की लोकांना वाटायचं, गटाराची तक्रार आहे. खुलासा केला की बाया आत जायच्या आणि पुरुष मिशीत हसायचे. “मामा, या वयात तुम्हाला हे सुचतं तरी कसं?” एकजण म्हणाला आणि पारावरचे सगळे खो-खो हसले. सगळ्यांत आधी सही केली ती चिमणीच्या आईने. मशीन थांबवून, हाताला लागलेली खडूची भुकटी पदराला पुसून. म्हणाली, “मामा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त शिवत बसते.” त्या एका वाक्यावर मामा पुढचे कित्येक दिवस चालले.

सह्यांचा कागद वर गेला. वरून पोच आली. पोचेच्या पुढे काही आलं नाही.

तेव्हा मोबाइलच्या दुकानातल्या पोऱ्याने सहज सांगितलं, “मामा, कागद कशाला? प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबायची आणि तक्रार करायची. पुरेशा तक्रारी गेल्या की काढून टाकतात म्हणे.”

मामा कष्टाचा माणूस. शेतात तण माजलं तर माणूस बांधावर बसून अर्ज लिहीत नाही, खाली वाकतो आणि उपटतो. मामांना हे पटलं. सकाळी पोरं शाळेत सोडली की सुटेपर्यंतचा वेळ त्यांचाच होता. शाळेच्या भिंतीलगत गाडी सावलीत लावायची, काचा वर करायच्या, चष्मा चढवायचा आणि घाण वेचायला बसायचं. सापडली की थांबायचं, नीट बघून खात्री करायची, कारण उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, आणि मग तीन टिंबं. कधी दार उघडून ओकायचेसुद्धा. पुन्हा बसायचे.

उत्तरं यायची. ‘आम्ही तपासलं. यात आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.’ क्वचित एखादा व्हिडिओ जायचा. त्या दिवशी मामा घरी जाऊन, साप मारून आल्यासारखे, मामींना सांगायचे, “आज एक काढायला लावला.” दुसऱ्या दिवशी तोच दुसऱ्या नावाने समोर उभा.

आणि ते वाढत होतं. आधी शोधावं लागायचं, मग आपोआप यायला लागलं, मग दुसरं काही येईनाच. मामा हादरून गेले. त्यांना वाटलं, अख्खं जगच कुजत चाललंय. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की त्या यंत्राला राग आणि आवड यातला फरक कळत नाही. डोळा कुठे थांबला, एवढंच ते बघतं. मामा थांबत होते, म्हणून ते आणून ओतत होतं. तण उपटणाऱ्याच्याच ओंजळीतून बी सांडत होतं.

मामींनी एकदा विचारलं, “सारखं काय असतं हो त्या मोबाइलमध्ये? मी आले की पालथा घालता.”

“तुझ्या बघण्यासारखं नाही ते.”

“आणि तुमच्या बघण्यासारखं आहे?”

मामा जेवता जेवता उठले. त्यानंतर त्या घरात गरजेपुरतंच बोलणं राहिलं.

पुढे एका दुपारी परतीच्या वाटेवर गाडीचं चाक बसलं. बाकीची पोरं उतरून झाली होती, चिमणी तेवढी राहिली होती. मामा जॅक घेऊन गाडीखाली शिरले. खालूनच म्हणाले, “चिमणे, माझ्या फोनवरून आईला लाव. म्हणावं, उशीर होतोय, घाबरू नको.”

चिमणीने फोन लावला. मोठ्या माणसासारखी बोलली. “आई, चाक बसलंय. मामा खाली झोपलेत. हो. हो. ठेवते.” आणि ठेवला. बोलणं संपताच मामांनी दुपारी अर्धवट सोडलेला तो पडदा उघडा झाला, आणि हलायला लागला.

गाडीखाली मामांना आधी फोनमधला तो आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. ते कसे बाहेर आले, कपाळ कुठे खरचटलं, त्यांना कळलं नाही. चिमणीने फोन खाली टाकला होता. ती फोनकडे बघत नव्हती. ती मामांकडे बघत होती, आणि सरकत सरकत दाराला चिकटली होती.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही पण?”

मामांनी फोन उचलून बंद केला आणि चाक बदललं. उरलेला रस्ता ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पोरीने घरी सांगितलेलं गल्लीभर झालं आणि दुसऱ्या दिवशी पालकांपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे चिमणीच्या आईच्या खोलीत जमले, कारण पोर तिची होती. शिवणयंत्रावर अर्धवट गणवेश तसाच होता. मामांनी आपण होऊन फोन पुढे ठेवला. लोखंडाच्या दुकानदाराने तो उघडला, सरकवत गेला आणि सरकवता सरकवता स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढत गेला.

“वा मामा! आम्हाला शहाणपण शिकवत होता. सह्या गोळा करत होता!”

“तक्रार करायला बघत होतो. बघितल्याशिवाय करायची कशी?”

“रोज? काचा वर करून? आणि ती कडी? आतून उघडतच नाही ती! ती कशाला?”

मामांनी कडीचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानदाराच्या डोळ्यांत कारणाला जागाच नव्हती.

मोबाइलच्या दुकानातला पोऱ्या मात्र भला निघाला. त्याने सगळ्या तक्रारी उघडून दाखवल्या, सगळी उत्तरं दाखवली, यंत्र कसं ओळखतं ते सांगितलं. लोकांनी ऐकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “खरं असेलही. पण मामा, पोरं पाठवायची म्हणजे...” आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं. सगळे एकेक करत चपला घालून गेले. जाता जाता दुकानदाराने ते फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले, ‘सावध राहा, मामाच्या फोनमध्ये हे सापडलं’ असं वर लिहून. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला महिनोन्महिने कुणाचं तोंड उघडत नव्हतं, ती चित्रांसकट घराघरांत पोहोचली. निम्म्या घरांत आईचा मोबाइल पोरांच्याच हातात असतो.

खोलीत मामा आणि चिमणीची आई राहिली. पोर आतल्या खोलीत होती.

“माझा विश्वास आहे तुमच्यावर,” ती म्हणाली. “पण ती गाडीत बसायचं नाही म्हणते. मी तिला काय सांगू, मामा? तुमचा दोष नव्हता हे पटवायचं, तर ते काय होतं, कोण करतं, कशाला करतं, सगळं सांगावं लागेल. सात वर्षांची आहे हो.”

मामा खाली फरशीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे बघत बसले. मग म्हणाले, “नका सांगू.”

“मग तिला आयुष्यभर वाटेल की तुम्ही...”

“वाटू दे. ती हसत होती तोवर मी मामा होतो. आता ते सांगून तिचं राहिलेलं लहानपणही माझ्यासाठी खर्चू नका.”

बाईने तोंडाला पदर लावला.

मामा बाहेर आले. गाडी दारातच उभी होती. किल्ली काढली, कुलपापर्यंत नेली, आणि खिशात परत घातली. इंजिनाच्या आवाजाने पोर दचकेल असं त्यांना वाटलं असावं. “उद्या मेहुण्याला पाठवतो, तो नेईल,” एवढं बोलून ते चालायला लागले. गाडीवाल्या माणसाला पायी चालायची सवय नसते. ते रस्त्याच्या अगदी कडेने, कुणाच्या वाटेत येऊ नये असे चालत होते. पारावरच्यांनी पाहिलं आणि या वेळी कुणी हसलं नाही. लोखंडाच्या दुकानासमोर वकील उभा होता. त्याने मान खाली घातली.

आतल्या खोलीत चिमणी स्टुलावर चढून खिडकीचे गज धरून उभी होती. मामा वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली.

“काय बघतेस गं?” आईने मागून विचारलं.

“कुणी नाही,” ती म्हणाली आणि खाली उतरली.