सात सर्टिफिकेटं आणि एक डावा कौल

हर्षद शिवलकरच्या रेझ्युमेत सात सर्टिफिकेटं आहेत. त्यातलं एकही त्याच्याकडे नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण तो रेझ्युमे गेली चार वर्षं माझ्याच दुकानात छापला जातो. रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. लोकांची आयुष्यं मी रोज ए-फोर कागदावर बघते. कागदावर बहुतेकांचं बरं चाललेलं असतं.

हर्षदचं तर विचारूच नका. क्लाउड, 'पर्स्युइंग'. लिनक्स, 'इन प्रोग्रेस'. सायबर सिक्युरिटी, 'अपिअरिंग'. डेटाबेससमोर 'ॲडव्हान्स्ड स्टेज' असं ठसठशीत अक्षरांत आहे. ही ॲडव्हान्स्ड स्टेज म्हणजे यूट्यूबवरचे पहिले तीन व्हिडिओ, हे त्यानंच मला चहा पिता पिता सांगितलं. न केलेल्या कामाला इंग्रजीत इतके मानाचे शब्द आहेत, हे ज्ञान मला त्याच्याकडून मिळालं. मी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली तेव्हा आमच्याकडे दोनच शब्द होते, पास आणि नापास.

आता खरी गंमत. या सातांत सहाव्या ओळीत, जवळजवळ तळाशी, नेटवर्किंग आहे. त्याचे पेपर दोन, आणि त्यातला पहिला हर्षद खरोखर पास आहे, तोही चांगल्या मार्कांनी. पण ही एक खरी गोष्ट त्यानं पाच थापांच्या खाली अशी दडवली होती, जणू तीच लपवायची आहे.

पोरगा बिनकामाचा नाही हो, म्हणूनच माझं डोकं फिरतं. एका कॉलेजच्या लॅबमध्ये कंत्राटावर आहे. खाडीपलीकडच्या आमच्या वाडीत कुणाचं वायफाय बंद पडलं की पहिला फोन त्याला जातो. माझ्या दुकानातले चार कॉम्प्युटर आणि दोन प्रिंटर एकमेकांशी बोलतात ते त्याच्यामुळे. मग दुसरा पेपर का देत नाहीस? तर म्हणे, कौल मिळत नाही.

आमच्याकडे विहीर कुठे खणावी इथपासून मुलगी कुठे द्यावी इथपर्यंत सगळं देवाला विचारतात. मूर्तीला कळ्या लावायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हर्षदच्या पहिल्या पेपराला उजवा कौल मिळाला होता. तो पास झाला आणि आठवड्याभरात पुण्याहून एका कंपनीचा फोनही आला की दुसरा पेपर झाला की या. त्यानंतर कौल लावायला त्याची आई, गोदावहिनी, एकटी जायला लागली. चार वेळा गेली आणि चारही वेळा डावा घेऊन आली. कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या बाबतीत ग्रामदेवीचं एवढं ठाम मत असेल असं मला वाटलं नव्हतं.

यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली. मार्चअखेर कॉलेजचं कंत्राट संपतंय. दुसरं काही मिळालं नाही तर मुंबईला मामाकडे जाऊन मिळेल ते करायचं, असं ठरलेलं. आणि नेमकी तेव्हाच मिरजोळे एमआयडीसीतल्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीत नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाची जागा निघाली. घरून डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं, अशी नोकरी.

"हर्षद, सहा ओळी काढ," मी म्हटलं. "एकच ठेव. दोन पेपरांपैकी पहिला पास, दुसरा अमुक तारखेला."

"तारीख कशी टाकू, काकी? कौल नाय मिळालाय."

"मग निदान थापा तरी काढ."

"थापा नाय त्या. सुरू आहे सगळं."

सातही ओळींसह रेझ्युमे गेला. मीच छापला, रंगीत.

मुलाखतीतून आला तो सरळ माझ्या दुकानात. तिथल्या मॅनेजरबाईंनी पहिल्या ओळीपासून बोट ठेवत विचारलं होतं. हे किती झालं? दोन धडे. आणि हे? नाव नोंदवलंय. हे? ते, मॅडम, सुरू होणार आहे. सहाव्या ओळीवर बाई थांबल्या. तिथल्या तिथे त्याला नेटवर्कचे चार प्रश्न घातले आणि त्यानं चारही धडाधड सोडवले. "तुम्हाला काम येतं," बाई म्हणाल्या, "पण या कागदावर माझा विश्वास नाही. शुक्रवारपर्यंत दुसऱ्या पेपरची बुकिंगची पावती पाठवा. नाही आली तर जागा दुसऱ्याला."

"आई उद्या जाते कौलाला," हर्षद म्हणाला.

माझं टाळकं सटकलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी स्वतः देवळात गेले. महिपत गुरव देवीसमोरची फुलं उचलत होता. म्हटलं, दादा, आज गोदावहिनी येईल, जरा मन लावून गाऱ्हाणं घाला, पोराचं आयुष्य टांगलंय.

महिपतनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाय, पुण्याचा फोन आल्यापास्नं गोदावैनीनं एकदा पण कौल लावलान नाय. येते, पाया पडते, नारळ ठेवते नि जाते."

मी तशीच तिच्या घरी गेले. गोदावहिनी मागच्या पडवीत कोकमं फोडत बसली होती. मी समोर बसले, आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"देवीनं नाय म्हटलंन नाय गो," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं. त्याचे बाबा बोटीवर गेले ते वर्षातनं एक महिना घरात असायचे. रिटायर होऊन आले नि सहा महिन्यांत गेले. हा पास झाला की पुण्याला गेला असता. मला जमलं नसतं."

मला तिची दयाही आली आणि संतापही आला, आणि संताप जास्त होता. "पास झाला तर जाईल म्हणून अडवलंत. आता पास नाही म्हणून मुंबईला जाईल. तो घरात आहे ना? मग आत्ताच्या आत्ता सांगा."

हर्षद आतच होता, चहा घेऊन दारात आलेला. गोदावहिनीनं पदराला हात पुसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बोटीपासून नारळापर्यंत. मी मनाशी म्हटलं, आता घरात भडका उडणार.

हर्षदनं कप खाली ठेवला. "मला माहिती होतं, आये. दोन वर्षं झाली. महिपतकाकांनी मला पण सांगितलान होता."

माझ्या तोंडून निघालं, "मग पेपर का नाही दिलास, मेल्या?"

"नापास झालो असतो तर?" तो म्हणाला. "आई डावा आणायची नि मला बरं वाटायचं. सगळी वाडी मला हुशार म्हणते, काकी. अर्धवट ठेवलं की कोणी नापास करत नाय."

चार वर्षं मी त्या रेझ्युमेची टिंगल केली, येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. तो छापताना पोराचे हात घामेजलेले असायचे, ते मी उकाड्याच्या खाती टाकत आले. मला माझीच लाज वाटली, आणि ती लपवायला मी कोकमं फोडायला घेतली.

मग गोदावहिनी उठली, आत गेली आणि त्याचा लॅपटॉप घेऊन आली. तिला तो नीट धरताही येत नव्हता. तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"लाव तारीख."

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला होतं आणि सगळ्यात जवळची तारीख अठरा. हर्षदनं बटणावर बोट नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. "आये, नापास झालो तर?"

"तर घरी ये," गोदावहिनी म्हणाली. "आणि पास झालास नि पुण्याला बोलावलान, तर जा."