ताणावरची बाग

करिश्माचा आज बारावा आणि शेवटचा रविवार. मैनाबाईच्या संत्र्याच्या बागेतली पाण्याच्या मोटारीची केबल करिश्माच्या मावसभावाने कापली, तेव्हा ही शहाणी बांधावर पहारा देत उभी होती. वय सतरा. बाल न्याय मंडळाने सांगितलं, जिचं नुकसान केलंस तिच्याच बागेत बारा रविवार राब. 'काम नीट केलं' म्हणून बाईने दर खेपेला कागदावर अंगठा द्यायचा. बारा अंगठे झाले की सुटका, नाहीतर निरीक्षणगृह.

अकरा रविवार मैनाबाई तिच्याशी कामापुरतंच बोलली. हे उचल, ते तिकडे ठेव. बाईने चार शिव्या हासडल्या असत्या तरी करिश्माला हलकं वाटलं असतं.

आज बाई तिवशाला गेली आणि करिश्मा बागेत एकटी उरली. झाडांनी माना टाकल्या होत्या, पानं वळली होती. बडनेऱ्याला बापाच्या पालकाच्या भाजीच्या वाफ्याची अशी दशा झाली तर घरात बोंब उठायची. तिला वाटलं, जाता जाता एक तरी काम न सांगता करावं. तिने मोटार सुरू केली आणि दोन तास पाणी सोडलं. अगदी मनापासून.

संत्र्याला बहार यावा म्हणून थंडीत महिनाभर पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. पालकवाल्याच्या पोरीला हे कोण सांगणार? मैनाबाईने सांगायचं, पण ती बोलेल तर ना.

बाई परतली आणि ओली माती बघून मटकन खाली बसली.

"बहार गेला माहा," ती म्हणाली. "काहून केलं?"

"झाडं सुकली होती काकू. मले वाटलं..."

"तू त शेतकऱ्याची पोरगी. तुले ताण मालूम नाही?"

"नाही."

बाईला लिहिता येत नसे, म्हणून कागद करिश्माच भरायची. "जे झालं ते लिव," बाई म्हणाली. तिने लिहिलं, 'ताणावरच्या झाडांना पाणी दिलं. मला माहीत नव्हतं.' आणि वाचून दाखवलं.

"ते दुसरं वाक्य खोडून टाक. शेतकऱ्याच्या पोरीले मालूम नाही, हे मी नाही मानत. तवाच अंगठा देतो."

खोडलं तर मुद्दाम केलं असं ठरणार. न खोडलं तर रविवार भरलाच नाही. दोन्हीकडून निरीक्षणगृहच. रडूही येईना. केबलच्या वेळी मावसभाव म्हणाला म्हणून करिश्माने सगळ्यांपुढे खरं सांगितलं नव्हतं, आणि हे बारा रविवार त्याचंच फळ होतं.

"नाही खोडत," ती म्हणाली, आणि बिनअंगठ्याचा कागद घडी करून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.