आत्यांच्या रक्ताचा रिपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

भिंगारच्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त तपासते. माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते — सईला सांभाळायला सोनईहून आल्या. आणि सई त्यांचीच झाली. ड्यूटीवरून येऊन मी हात पुढे केले, की ती आत्यांच्या खांद्यात तोंड खुपसायची. मला हेवा वाटायचा का? वाटायचा.

मग आत्यांचं पोट दुखायला लागलं. जठरात जंतू निघाले. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. जंतू जाईपर्यंत स्वतःच्या तोंडातला घास पोरीला भरवू नका, असं बजावलं. गोळ्या संपल्यावर महिन्याने शौचाची तपासणी करायची होती. ती चिठ्ठी माझ्याकडे होती.

ती तपासणी मी केलीच नाही. आत्यांचं रक्त घेतलं, त्यातल्या अँटिबॉडी पाहिल्या. पॉझिटिव्ह. तसंच येणार हे — कसं सांगू — मला आधीच ठाऊक होतं. जंतू मेले तरी त्यांच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी महिनोन्महिने रक्तात राहतात. इतक्या लवकर त्यावरून औषध लागू पडलं की नाही, काहीच कळत नाही. पेशंटना हे मीच समजावते.

आत्यांनी विचारलं, "रगतात अजून हाय व्हय गं ते?"

"आहे," मी म्हणाले.

अँटिबॉडी होत्याच की! म्हणून तर तो शब्द इतक्या सहज तोंडातून गेला.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी ताट-पेला वेगळा केला. सई रांगत आली, की त्या पदर सावरून उठायच्या. आठवड्याभरात पिशवी भरली. "माझ्यापायी पोरीला काय व्हायला नको," म्हणाल्या आणि एसटीत बसल्या. एका वाक्यात मी त्यांना थांबवू शकले असते. मी सईला कडेवर घेऊन उभी राहिले. ती त्यांच्याकडे झेपावत, ओरडून रडत होती.

पुढे सोनईतच त्यांची शौचाची तपासणी झाली. जंतू नव्हते. त्यांचा फोन आला — आनंदाने आवाज कापत होता. पण तोवर सई त्यांना विसरली होती. भेटायला आल्या, तर ती माझ्या मागे लपली. मला हवं होतं ते मिळालं होतं — नाही का?

सई आता सहा वर्षांची आहे. गावी गेलो की आजीच्या पाया पडते आणि खेळायला पळते. आत्या येईल त्याला कौतुकानं सांगतात, "सूनबाईनं येळेवर सांगितलं म्हनून माझी नात वाचली."

मी समोरच बसलेली असते. ऐकून घेते.