बंबाची चकती

कुणाच्याही अंगावर पाणी घालण्याआधी ती त्यात कोपर बुडवायची. "हाताला घट्टे पडल्यात, त्याला काय कळतंय? कोपराला इचारावं," म्हणायची. भवानी पेठेतल्या बायकांच्या लहानशा दवाखान्यात ती पाणी तापवायला होती. मूळची करकंबची. सगळे तिला मावशी म्हणत, डॉक्टरीणबाईसुद्धा.

मागच्या पडवीत तांब्याचा मोठा बंब होता. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बंब असेल त्यांना ठाऊक आहे, मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. मावशी त्याच्याशी बोलायची. तोटीपाशी तो सदा ठिबकायचा, म्हणून खाली डबा ठेवलेला. "थंडी हाय, नाक गळतंय त्याचं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली, ऐन पौषात. नीट रडलीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला कापसात गुंडाळलं आणि बजावलं, "हिला गार पडू द्यायचं नाही." गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या, निवल्या की बदलायच्या. ते काम मावशीनं आपणहून अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत भसकन पाणी सांडल्याचा आवाज आला. तोटी आणि बंब यांच्यामधली चामड्याची चकती झिजून झिजून शेवटी फाटली होती. रिकामा बंब तापला तर त्याचे सांधे सुटतील, म्हणून मावशीनं आधी निखारे शेगडीत ओढले. चिंध्या कोंबून पाहिल्या, पाणी थांबेना. तांबट लग्नाला परगावी गेलेला. शेगडीवरच्या पातेल्याला वेळ लागत होता आणि इकडे बाटल्या निवत चालल्या होत्या.

मावशी आत आली तेव्हा मी रडत होते. तिनं मुलीला कापसातून सोडवलं, माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वर आपलं घोंगडं घातलं.

"धर पोटाशी. तू बी बंबच हाय की! माझा हुईस्तवर तुजा चालू ऱ्हाऊ दे."

तशाही अवस्थेत मला हसू फुटलं.

मग दाराबाहेर तिचा आवाज ऐकू आला. "कंपाउंडर, सायकलीच्या चाकातली रबरी नळी द्या."

"अहो मावशी, कालच नवी घातलीय!"

"मग तर बरंच की. टिकंल."

कंपाउंडर लांब रेल्वे लाइनीपलीकडं राहायचे आणि त्या सायकलला रोज पुसायचे. त्यांनी एकदा दारातून माझ्याकडं पाहिलं. मग सायकल उलटी केली.

मावशीनं जुन्या चकतीचे तुकडे खरवडून काढले. नळीच्या रबरातून दोन गोल कापले, मध्ये भोक पाडलं, एकावर एक बसवले. कंपाउंडरांनी सायकलच्या पान्यानं तोटी आवळली. बंब भरला. मावशीनं पदरानं तोटी पुसली आणि तिच्यापुढं बसून राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तोटीवरून पदर फिरवला. मग पडवीतून मला हाक आली, "पोरी, पदर कोरडा हाय गं!"

बंब पेटला. थोड्या वेळानं गरम बाटल्या आल्या. घोंगड्याखाली माझी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

कंपाउंडर त्यानंतर बरेच दिवस पायी येत. आले की आधी पाळण्यात डोकावून विचारत, "काय म्हणतेय आमची सायकल?"

आम्ही घरी आलो तरी मावशी मुलीला न्हाऊ घालायला येत राहिली. आभार मानायला गेले की मला झटकून टाकायची. "मी काय केलं? पाणी तापवलं." या बाईला काय द्यावं, मला कधीच सुचलं नाही.

पुढं तिचे गुडघे गेले आणि करकंबहून भाचा न्यायला आला. मोटारीच्या अड्ड्यावर मी पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले. तेवढ्यात माझ्या मुलीनं, आता शाळेत जाणाऱ्या, परकराचा ओचा खोचला आणि मावशीचं जड गाठोडं उचलून थेट मोटारीत चढवलं.

मावशी बघतच राहिली. "एकटीनं उचललं की गं!"

टेंभुर्णीवरून करकंबला जाणारी मोटार सुटली. मावशी आमच्याकडं बघत नव्हती. शेजारच्या अनोळखी बाईला ती भराभर काही सांगत होती, आणि दोन्ही तळहात जवळ आणून दाखवत होती, एवढीशी, एवढीशी.